धुळीच्या वाटेवरील लहान खेपा आणि एंजिनाचे तेल

बीड जिल्ह्यात शेतमालाची व पाण्याची बरीचशी वाहतूक थोड्या अंतराची असते. वेचलेला कापूस जिनिंगकडे, दूध संकलन केंद्राकडे, ऊस कारखान्याच्या काट्याकडे, कडबा गोठ्याकडे आणि टंचाईच्या वर्षी पाणी विहिरीपासून वस्तीकडे न्यावे लागते. ही खेप पुष्कळदा तीन ते आठ किलोमीटरांची असते. रस्ता मुरमाचा, उन्हाळ्यातील दुपार चाळीस अंशांवरची, आणि पुढे चाललेल्या गाडीमागे फुफाट्याचा लोट, अशा स्थितीत ट्रक, टेम्पो व ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करीत असतात.

२०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत आष्टी, पाटोदा व शिरूर कासार या उंचावरील तालुक्यांत टँकरच्या खेपा हा अनेक गावांचा आधार झाला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जनावरांच्या शेकडो छावण्या चालू होत्या, आणि त्यांनाही चारा व पाणी गाड्यांनीच पुरवावे लागले. अशा दिवसांत एक एंजिन बंद पडले तर नुकसान केवळ मालकाचे होत नाही. एका वस्तीचे पाणी त्या दिवशी थांबते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचेही तसेच आहे. हंगामाच्या मध्यात एंजिन बांधावयास काढावे लागले, तर ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता आणि टोळीला दिलेली उचल या दोहोंचा भार एकदम अंगावर येतो.

असे एंजिन अकाली झिजले की दोष बहुधा तेलाच्या पातळपणावर ठेवण्यात येतो आणि पुढच्या वेळी अधिक जाड तेल भरण्यात येते. ही समजूत बरोबर नाही. या वापरात एंजिनाचे रक्षण तीन गोष्टींनी होते. तेल योग्य जाडीचे व योग्य वर्गाचे असावे, ते किलोमीटर न मोजता तास मोजून बदलावे, आणि धूळ एंजिनात शिरण्यापूर्वीच अडवावी. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींची उणीव कोणतेही महाग वा जाड तेल भरून काढू शकत नाही.

लहान खेपेत एंजिनावर काय बेतते

बाहेर कडक ऊन असले म्हणजे एंजिन लगेच तापते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हवेचे ४२ अंश आणि चालत्या एंजिनाला लागणारे ८० ते ९० अंश यांत मोठे अंतर आहे. त्यातही एंजिनातील पाणी लवकर तापते, तेल मागाहून तापते. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तळाच्या टाकीतील तेल अद्याप पुरेसे तापलेले नसते. तीन-चार किलोमीटर जाऊन गाडी उभी केली की तेल पुरते तापण्यापूर्वीच थंड होऊ लागते.

याचा परिणाम असा होतो. एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक धुराड्यातून बाहेर जाते; पण थोडा भाग दट्ट्याच्या कड्यांजवळून खाली तेलाच्या टाकीत उतरतो. त्याबरोबर काजळी, न जळलेले डिझेल व आम्ल निर्माण करणारे वायूही उतरतात. एंजिन लांब पल्ल्यावर चालले तर तापलेल्या तेलातून ही वाफ निघून जाते. लहान खेपांत ती तेथेच पाणी होऊन राहते. पाणी, काजळी व आम्ल एकत्र आले की तेलात चिकट गाळ साचतो, आणि डिझेल मिसळल्यामुळे तेल पातळ होते. सांगितलेले तेल काही महिन्यांत पातळ झाले, तर त्याचे कारण पुष्कळदा या मिसळलेल्या डिझेलात सापडते.

दुसरी गोष्ट वारंवार एंजिन सुरू करण्याची. एंजिन काही तास उभे राहिले म्हणजे वरच्या भागांतील तेल खाली उतरते. पुन्हा सुरू केल्यावर ते सर्व ठिकाणी पोहोचेपर्यंत काही क्षण धातूवर धातू घासतो. लांब प्रवासात हे दिवसातून एकदा घडते, खेपांच्या गाडीत ते अनेकदा घडते.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

डिझेल एंजिनाच्या तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. डब्ल्यू हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड तेल किती सहज वाहते हे दाखवितो. १५ या श्रेणीच्या तेलाची सुरू होण्याची परीक्षा शून्याखाली २० अंशांवर, तर २० या श्रेणीची शून्याखाली १५ अंशांवर घेतात. बीड जिल्ह्यातील पहाटेची थंडी इतकी कधीच नसते. म्हणून येथे दोन्ही तेले थंडीत चालतात. मात्र १५ श्रेणीचे तेल सुरुवातीस थोडे लवकर वर पोहोचते, आणि वारंवार सुरू होणाऱ्या एंजिनाला तेवढा लाभ मिळतो.

नंतरचा आकडा तापलेल्या तेलाची जाडी दाखवितो. ही जाडी १०० अंशांवर मोजतात. ४० श्रेणीचे तेल त्या उष्णतेवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते आणि ५० श्रेणीचे १६.३ ते २१.९. म्हणजे तेलाची परीक्षाच उन्हाळ्यातील हवेच्या दुपटीहून अधिक उष्णतेवर झालेली असते. शिवाय एंजिनातील पाण्याची उष्णता थर्मोस्टॅट एका मर्यादेत राखतो. त्यामुळे बाहेरचे ऊन दहा अंशांनी वाढले म्हणून तेलाची श्रेणी बदलण्याचे कारण सहसा उरत नाही. रेडिएटर चोंदला असेल तर मात्र एंजिन खरोखरच अधिक तापते. कापसाचे तंतू, उसाचे पाचट व धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकून हवा बंद करतात. त्या ठिकाणी जाड तेल घालणे हा उपाय नाही. जाळी साफ करणे हा उपाय आहे.

जाड तेलाचे तोटेही आहेत. ते सुरुवातीस उशिरा वर चढते, त्याला ढकलण्यात एंजिनाची शक्ती व डिझेल खर्च होते, आणि धुळीचा कण ते अडवीत नाही. पुस्तिकेत ४० श्रेणी सांगितली असताना ५० भरल्याने झिजलेल्या एंजिनाचा धूर काही दिवस कमी दिसेल. पण झीज भरून येणार नाही.

जुन्या साध्या डिझेल ट्रकला व बहुतेक ट्रॅक्टरना येथे १५डब्ल्यू-४० किंवा पुस्तिकेत सांगितल्यास २०डब्ल्यू-४० योग्य ठरते. काही नव्या पिकअप गाड्यांना ५डब्ल्यू-३० सारखे पातळ तेल सांगितलेले असते. त्यांच्या एंजिनातील फटी व तेलाचा पंप त्याच हिशेबाने बनविलेले असतात. तेथे ऊन कडक आहे म्हणून जाड तेल भरू नये. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा मानावा.

तेलाचा वर्ग

जाडीइतकाच तेलाचा वर्ग महत्त्वाचा आहे. दोन डब्यांवर १५डब्ल्यू-४० असेच लिहिलेले असले तरी त्यांतील तेल सारखे असेल असे नाही. एपीआय या अक्षरांपुढे वर्ग छापलेला असतो. सी या अक्षराने सुरू होणारा वर्ग डिझेल एंजिनाचा, व एस या अक्षराने सुरू होणारा पेट्रोल एंजिनाचा. सीएफ-४ व सीजी-४ हे १९९० च्या दशकातील वर्ग आता कालबाह्य ठरले आहेत. त्यानंतर सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२), सीजे-४ (२००६) व सीके-४ (२०१६) हे वर्ग आले. नंतरच्या वर्गाच्या तेलात काजळी तरंगत ठेवण्याची व गाळ न साचू देण्याची शक्ती सामान्यतः अधिक असते, आणि लहान खेपांत हीच शक्ती कामी येते.

धुराड्यात काजळी गाळणारी जाळी नसलेल्या जुन्या ट्रकला व ट्रॅक्टरला सीआय-४ वर्गाचे तेल चांगले काम देते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत पुष्कळदा काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसविलेली असते. अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. पुस्तिकेत सीके-४ किंवा त्या जातीचा दुसरा वर्ग नमूद असतो. तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख या गाळणीत साचते, आणि काजळीप्रमाणे ती जळून जात नाही. म्हणून स्वस्त मिळाले तरी जुन्या वर्गाचे तेल तेथे भरू नये.

हे आकडे व अक्षरे डब्यावर इंग्रजीत असतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ती कागदावर मोठी लिहून चालकांना ओळखून द्यावीत. डब्यावर ट्रॅक्टरचे चित्र आहे म्हणून आतील तेल एंजिनाचेच असेल असे समजू नये. गिअर व हायड्रॉलिकच्या तेलाच्या डब्यांवरही तसेच चित्र असते. डबा मोहोरबंद पाहून घ्यावा, पावती ठेवावी आणि रिकामा डबा टाकण्यापूर्वी त्याचे झाकण मोडावे, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही.

किलोमीटर नव्हे, तास

तेल केव्हा बदलावे याचा हिशेब बहुतेक ट्रकचालक किलोमीटरवर करतात. लांब पल्ल्याच्या गाडीस तो ठीक आहे. लहान खेपांत तो फसवा ठरतो. पुढील उदाहरण पाहावे.

समजा, एका टँकरची भरण्याची विहीर गावापासून ४ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, आणि दिवसाला ६ खेपा, म्हणजे ४८ किलोमीटर होतात. भरताना, रिकामे करताना व रांगेत एंजिन चालू राहते, ते धरून एंजिन दिवसाला ६ तास चालते. मालकाने १०,००० किलोमीटरांवर तेल बदलण्याचे ठरविले, तर ती पाळी २०८ दिवसांनी येईल. तोवर एंजिन सुमारे १,२५० तास चाललेले असेल. हेच १०,००० किलोमीटर ताशी ४० च्या सरासरीने महामार्गावर झाले असते, तर २५० तासच लागले असते. अंतर एकच, पण तेलाचे काम पाचपट.

ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते आणि अनेक ट्रॅक्टरना २५० तासांची मुदत सांगितलेली असते. ज्या गाडीच्या पुस्तिकेत तासांचा आकडा नाही, तिच्यासाठीही या वापरात २५० तास ही सावध मर्यादा मानावी. वरील टँकरला ती ४२ दिवसांनी, म्हणजे सुमारे २,००० किलोमीटरांवर येते. मार्च ते जून या चार महिन्यांत दोनदा तेल बदलावे लागेल व तिसरी पाळी हंगामाच्या अखेरीस येईल. अनेक पुस्तिकांत धूळ, लहान खेपा व फार वेळ उभे चालणारे एंजिन यांस कठीण वापर म्हटलेले असते व त्यासाठी कमी मुदत दिलेली असते. ते पान अवश्य वाचावे. दोन्ही मर्यादांपैकी जी आधी येईल ती पाळावी.

उसाच्या हंगामातही हाच नियम लागू आहे. जिल्ह्यातील कित्येक ट्रॅक्टर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडातून कारखान्यापर्यंतचे अंतर थोडे, पण काट्यापुढे नंबर लागेपर्यंत वेळ पुष्कळ. रांगेत एंजिन चालू ठेवल्यास अंतर वाढत नाही, पण काजळी व न जळलेले डिझेल तेलात उतरत राहते. जेथे रांग हलणार नाही तेथे एंजिन बंद करावे. टर्बो असलेले एंजिन भारी चढणीनंतर लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे सावकाश चालू देऊन मग बंद करावे.

आठवड्यातून एकदा तरी गाडी भारासह अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. त्याने तेलातील वाफ निघून जाते आणि डीपीएफमधील काजळीही जळण्यास संधी मिळते. सकाळी एंजिन उभ्या जागी फार वेळ तापवीत बसू नये. थोडा वेळ चालवून पहिला किलोमीटर सावकाश जावे.

धूळ दारातच अडवावी

तीन लिटर क्षमतेचे साधे एंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालले, तर ते तासाला सुमारे १५० घनमीटर हवा ओढते. ही सर्व हवा फुफाट्यातून येते. मुरमाच्या रस्त्याची धूळ म्हणजे दगडाचेच पीठ होय, आणि ते बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांना याहूनही बारीक धुळीशी गाठ पडते. तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो. ५ ते २० मायक्रॉनांचे कण त्या थरात शिरून दोन्ही बाजूंचा धातू खातात. साधी तेलगाळणी इतके बारीक कण पुरते पकडू शकत नाही. म्हणून त्यांना हवेच्या वाटेवरच अडविणे भाग आहे.

जुन्या ट्रॅक्टरवर तेलाच्या वाटीची हवागाळणी असते. धुळीच्या दिवसांत तिची वाटी रोज पाहावी. तळाशी सुमारे एक सेंटिमीटर गाळ साचला की तेल बदलावे, आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. कमी भरल्यास धूळ निसटते. अधिक भरल्यास तेल एंजिनात ओढले जाते.

नव्या गाड्यांवर कागदी हवागाळणी असते. ती दगडावर वा चाकावर आपटू नये, पाण्याने धुऊ नये. हवेने साफ करावयाची झाल्यास कमी दाबाची हवा आतून बाहेर सोडावी. आत दुसरी लहान सुरक्षा गाळणी असल्यास ती साफ न करता मुदतीत बदलावी. गाळणी पुन्हा पुन्हा उघडणेही घातक आहे, कारण प्रत्येक वेळी थोडी धूळ आत पडते. तिच्या नळीचे रबर, चिमटे व जोड मात्र आठवड्याला तपासावेत. चिरलेल्या नळीतून शिरणारी हवा गाळणीला वळसा घालून सरळ सिलिंडरमध्ये जाते.

तेल ओततानाही धूळ आत जाते. नरसाळे, डब्याचे तोंड व भरण्याच्या झाकणाभोवतीची जागा आधी पुसावी. तेलाची पट्टी धुळकट फडक्याने पुसू नये. उघडा डबा शेतात ठेवू नये.

तेल बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करावी. एंजिन चालवून तेल गरम असतानाच, हात भाजणार नाही याची काळजी घेऊन, ते काढावे. गरम तेलाबरोबर तरंगणारा गाळ निघून जातो. तेलगाळणी प्रत्येक वेळी बदलावी. नवे तेल पट्टीच्या दोन खुणांमध्ये वरच्या खुणेपर्यंत भरावे. एंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे व पुन्हा पट्टी पाहावी. तारीख, तास वा किलोमीटर, तेलाची श्रेणी व वर्ग, आणि भरलेले लिटर यांची नोंद वहीत करावी. चालक बदलला तरी वही गाडीतच राहावी.

गावात करून दाखविण्याजोग्या परीक्षा

ग्रामसभेच्या किंवा शेतीशाळेच्या दिवशी कार्यकर्त्याने पुढील चार परीक्षा करून दाखवाव्यात.

(१) पांढऱ्या फडक्याची परीक्षा. हवागाळणीच्या पुढची, एंजिनाकडे जाणारी नळी सोडून तिचा आतील भाग स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके मळले तर धूळ आत जात आहे. तेल बदलण्यापूर्वी गळती शोधावी.

(२) टीपकागदाची परीक्षा. गरम तेलाचा एक थेंब टीपकागदावर सोडून काही तास ठेवावा. काळेपणा सारखा पसरला तर तेल काजळी धरून आहे. मध्ये दाट काळा ठिपका व त्याची कडा ठळक राहिली, तर तेलाची ती शक्ती संपत आली आहे. बाहेर फिकट तेलकट कडे दिसल्यास डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा.

(३) तव्याची परीक्षा. जुन्या, स्वयंपाकात न वापरण्याच्या तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. तडतड झाली तर त्यात पाणी आहे. तोंड दूर ठेवावे आणि डिझेलच्या साठ्याजवळ ही परीक्षा करू नये.

(४) पट्टीची परीक्षा. रोज सकाळी पातळी पाहावी. तेल न भरता पातळी वाढली, तर आनंद मानू नये. डिझेल किंवा पाणी तेलात उतरत आहे. बीएस-६ गाडीत डीपीएफची सफाई वारंवार अपुरी राहिली तरी असे होते. तेल दुधट दिसले तर एंजिन चालवू नये व मेस्त्रीस दाखवावे.

येथे दोन गैरसमज दूर करावेत. डिझेल एंजिनातील तेल काही दिवसांतच काळे होते. तो त्याचा दोष नव्हे, काजळी धरून ठेवल्याची खूण आहे. तसेच तेल बोटांत चोळून खर लागली नाही म्हणून त्यात धूळ नाही, असे ठरत नाही. सर्वांत घातक कण बोटांना लागण्याइतके मोठे नसतात.

जळके तेल

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ज्या गावाला पाणी टँकरने आणावे लागते, तेथे आपल्याच विहिरीचे पाणी नासविणे हे दुहेरी नुकसान आहे. असे तेल जनावरांच्या जखमेवर लावू नये व चुलीत जाळू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते परवानाधारक संकलकाकडे पोहोचेल अशी व्यवस्था गावातील गॅरेजमार्फत करावी.

सारांश

पुस्तिकेत सांगितलेली जाडी व वर्ग यांचेच तेल घ्यावे; ऊन कडक आहे म्हणून जाड तेल भरू नये. लहान खेपांच्या गाडीचे तेल तास मोजून बदलावे. हवागाळणी, तिची नळी व रेडिएटरची जाळी यांकडे तेलाइतकेच लक्ष द्यावे. पट्टी रोज पाहावी आणि नोंदवही ठेवावी. टंचाईचा उन्हाळा किंवा उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तेल, तेलगाळणी व हवागाळणी बदलून घ्यावी, म्हणजे ज्या दिवशी गावाला गाडीची सर्वाधिक गरज असते त्या दिवशी ती उभी राहणार नाही.